माजघरातला भाताचा वास : एका जुन्या वाड्याच्या तपासाचं प्रकरण

(वाड्याचा पत्ता, घराण्याचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. बाकी घडलं तसं लिहिलं आहे.)

पार्श्वभूमी

कोल्हापुरात पंचगंगेकडं उतरत जाणाऱ्या एका पेठेतला हा वाडा. मूळचा दोन चौकांचा, आता दीडच उरलाय. दिंडी दरवाजा, सोपा, माजघर, वर माडी आणि त्यावर मंगलोरी कौलांखाली अंधारा पोटमाळा. भिंती पांढऱ्या मातीच्या, चांगल्या दोन हात रुंद. 2019 च्या महापुरात पाणी जोत्यावर चढलं आणि बरेच दिवस हललंच नाही. 2021 ला परत आलं. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही पंचगंगेची धोका पातळी. त्या दोन्ही वर्षी पाणी पन्नास फुटांच्या वर गेलं होतं, म्हणजे या बोळात काय झालं असेल ते कोल्हापूरकराला सांगायला नको.

वारस दोन भाऊ. थोरले गावातच, धाकटे पुण्यात. वाडा विकायचा यावर दोघांचं एकमत, पण वाडा विकला जात नव्हता. गिऱ्हाईक यायचं, बघायचं, टोकन देतो म्हणायचं. मग कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घ्यायचं. तिथं कुणीतरी विचारायचं, "कुठला, भातवाल्या बाईचा वाडा व्हय?" की संपलं. नंतर फोन उचलत नाहीत.

गोष्ट पेठेत सगळ्यांना पाठ आहे. घरातल्या सुनेनं परड्यातल्या आडात उडी घेतली आणि ती अजून रात्री येऊन भात शिजवते. बारानंतर बोळातनं गेलं की शिजत्या आंबेमोहोराचा वास येतो, पहाटे ती रडते, माजघराचं दार आपोआप उघडतं. मी ही गोष्ट चड्डीत होतो तेव्हापासून ऐकतोय. वासही घेतलाय. बारावीला असताना सायकलवरनं येत होतो, वास आला, आणि जे पॅडल मारलं ते गंगावेशीत दूध कट्ट्यावर पोचल्यावरच थांबलो.

आता मी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. आमचा सहाजणांचा गट आहे. त्यात कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या एक मॅडम, एक फोटोग्राफर, तालमीतले दोघे आणि इंजिनिअरिंगचा एक पोरगा, ज्यानं भूत शोधणारे वापरतात तो के-टू मीटर ऑनलाइन मागवल्यापासून आमच्या गटाला तपासाचं रूप आलं. भुतं मानणारे दोन, न मानणारे दोन, आणि दिवसा न मानणारे दोन. मी तिसऱ्या जातीतला.

अडचण

थोरले माझ्या दुकानात मोटर घेऊन आले होते, तिथनं विषय निघाला. त्यांचं मागणं सरळ होतं. "एक रात्र काढा आणि कागद द्या, इथं काही नाही म्हणून."

मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं, "काका, काही नाही असं लिहून देता येत नसतं. वास कुठनं येतो, आवाज कुठनं येतो, एवढं शोधता येईल." थोरले म्हणाले, "मग तेच लिहा की." आम्ही माना हलवल्या. त्या कागदात काय असेल, तो कोण वापरेल, सगळं गोलमाल ठेवून पुढं गेलो. एक साधा प्रश्नही विचारायचा राहिला. वाडा बंद आहे म्हणता, पण परड्यातल्या खोलीच्या दोरीवर लुगडं वाळतंय ते कुणाचं?

समोरचे पर्याय

थोरल्यांनी आमच्याआधी दोन-तीन दारं ठोठावली होती. एका देवऋष्यानं 51 हजार, एक बोकड आणि अमावस्येची रात्र सांगितली होती. ती वाट आम्ही लगेच बंद केली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि 5 हजार ते 50 हजार दंड. थोरल्यांना एवढं ऐकूनच घाम फुटला. कॉम्रेड पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच शहरात, फेब्रुवारी 2015 मध्ये. कोल्हापुरात हा विषय चेष्टेचा नाही.

वास्तुशांती करणं हा दुसरा पर्याय. तिला कायद्याची आडकाठी नाही, पण धाकट्यांचं म्हणणं, "शांत केली म्हणजे होतं हे कबूल केल्यासारखं झालं." बिनतोड मुद्दा. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना बोलवावं असं मॅडमचं मत होतं. ते थोरल्यांना नको होतं, कारण पेपरात येईल ही भीती.

चौथा पर्याय एका गवंड्यानं दिला होता. "दोन दिवस कौलं उतरू, काय हाय ते दिसंल. मजुरी तेवढी द्या." त्यावर आम्ही सगळे हसलो. मीटर, दोन नाइट व्हिजन कॅमेरे, तीन रेकॉर्डर असलेल्या गटाला शिडी लावणारा गवंडी सांगतोय म्हणून. या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात शहाणं वाक्य त्याचं होतं.

अमावस्येला जायचं की नाही यावरही एक संध्याकाळ गेली. पोराला अमावस्याच पाहिजे होती. शेवटी एप्रिलातला एक साधा शनिवार धरला, कारण रविवारी दुकान बंद असतं.

पहिली रात्र

रात्री दहाला आत शिरलो. ही पहिली मोठी चूक, कारण त्याआधी दिवसा एकदाही वाडा नीट पाहिला नव्हता. दुसरी चूक म्हणजे सहाही जणांना गोष्ट माहीत होती. काय दिसायला पाहिजे, कुठं वास यायला पाहिजे, हे घेऊनच माणसं आत गेली. निदान एकजण तरी बाहेरगावचा, गोष्ट न ऐकलेला न्यायला हवा होता.

साडेअकराला माजघरात के-टू मीटरचे पाचही दिवे लागले. "दादा, लाल! लाल लागलं!" हा मीटर चुंबकीय क्षेत्र मोजतो, म्हणजे चालू तारेजवळ नेला की पेटणारच. म्हणून मी जाऊन वाड्याचा कटआऊट, म्हणजे मेन फ्यूज, उपसला. मीटर लालच. वीज नसलेल्या घरात लाल! माझं पोट याच धंद्यावर चालतं, तरी खरं सांगतो, मानेवर काटा आला.

फोटोत पांढरे गोळे आले. ते फ्लॅशवर चमकलेले धुळीचे कण. पांढऱ्या मातीच्या वाड्यात गोळे आले नसते तर नवल. माजघराचं दार एकदा उघडलं, त्यावर वीस मिनिटं कुजबुज झाली.

बाराच्या पुढं वास आला. कल्पना नव्हे, सहाजणांना आला. गरम, गोडसर, आंबेमोहोराचा वास. कुकरची शिट्टी तेवढी राहिली होती. त्यापाठोपाठ वर पोटमाळ्यावर पावलं. थांबत, परत चालत. तालमीतला एकजण, ज्याला गावच्या कुस्तीत घामही येत नाही, तो उठून दिंडी दरवाज्याशी जाऊन बसला आणि उजाडेपर्यंत आत आला नाही.

पावणेतीनच्या सुमारास जिन्यावर ठेवलेल्या रेकॉर्डरवर सात ठोके नोंदले गेले. सारख्या अंतराचे, जड. तेव्हा आम्ही सगळे माजघरात होतो.

आणि मग पहाट. पोरानं व्हिडिओत बघितलेली रीत काढली, अंधारात प्रश्न विचारायची. मॅडमनी "नको" म्हटलं, पण जोरात म्हटलं नाही. मीही गप्प बसलो. पोरगं विचारायला लागलं, "तुम्ही इथं आहात का? तुमचं नाव काय? तुम्ही उडी का घेतली?" उत्तर नाही. चारला दहा कमी असताना त्यानं विचारलं, "तुम्ही दुःखी आहात का?"

भिंत म्हणाली, "हूंऽऽऽ."

बाईचाच आवाज. आधी एक हुंदका, मग लांबलचक कण्हणं. वीस-पंचवीस मिनिटं चाललं. आम्ही कुणीही हललो नाही.

उजाडल्यावर

सकाळी वायरी गुंडाळत होतो तेव्हा परड्याच्या दारातनं एक म्हातारी आत आली. ऐंशीच्या पुढची, गुडघ्यावर हात ठेवून चालणारी. थोरल्यांची आत्या. लुगडं तिचं होतं. वाडा बंद झाल्यापासून ती परड्यातल्या खोलीत एकटी राहते आणि तिच्या खिडकीतनं माजघरातलं सगळं ऐकू येतं. आमचे सगळे प्रश्न तिनं ऐकले होते.

"कुणाला हाका मारत हुता रं रातभर?"

कुणाला काही बोलता येईना. पोरगं म्हणालं, "आजी, ते... भाताचं..."

ती उंबऱ्यावर बसली. ज्या सुनेची गोष्ट पेठ सांगते ती तिची वहिनी. बहात्तरच्या दुष्काळात मुदतीचा ताप आला, थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सरकारी सीपीआरमध्ये, नेलं, तिथंच गेली. आडात उडी वगैरे काही नाही. परड्यातला आड तर तिचं लग्न होऊन ती घरात यायच्या आधीच बुजवला होता. आणि भात? "बाहत्तरला भात कुटला लेकरांनो? रेशनच्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या आमी." मग थोडं थांबून म्हणाली, "जित्ती असताना चुलीपासनं उठली न्हाई ती. मेल्यावर तरी बसू द्या की रं तिला."

त्या दिवशी तपास तिथंच थांबवावा असं मॅडम म्हणाल्या. तालमीतले दोघेही. माझं मत पडलं की अर्ध्यावर सोडलं तर आमची रात्र गोष्टीत भर घालून जाईल. "गट आला होता, तेही पळाले" एवढंच पेठेत उरेल. म्हणून आत्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "दिसा या. आनि तिचं नाव काढू नका." या दोन अटींवर पुढचं काम झालं.

दिवसाचा तपास

आता शिडी आणली. गवंड्यालाही बोलावलं, त्यानं हसण्याचं उट्टं काढलं नाही हा त्याचा मोठेपणा. पोटमाळ्यावर तुळईवर वाळलेली विष्ठा होती आणि तिच्यात उंबराच्या बारीक आणि चिकूच्या चकचकीत काळ्या बिया. कौलांत वीतभर भोक. आम्ही फळ्यांवर रांगोळी चाळणीनं पसरली आणि आलो. दुसऱ्या दिवशी रांगोळीत पावलं उमटली होती. मांजराच्या ठशात चार बोटं दिसतात, यात पाच. कॅमेऱ्यात तिसऱ्या रात्री ते दिसलंच. लांब शेपटीचं, तोंडावर काळी पट्टी असलेलं उदमांजर. मागं दोन पिल्लं.

वासाचं कोडंही तिथंच सुटलं. उदमांजराच्या अंगाला शिजत्या सुवासिक तांदळासारखा वास येतो हे रानात फिरणारी माणसं सांगतात. त्याच्या कुळातल्या बिंटुरॉंग नावाच्या प्राण्याच्या लघवीत 2-ॲसिटिल-1-पायरोलीन असल्याचं 2016 मध्ये संशोधकांनी दाखवलं. बासमतीचा वास ज्या द्रव्यामुळं येतो, तेच हे द्रव्य. बारावीतला मी ज्याला भिऊन पळालो ते या जनावराचं कुणी पणजोबा असणार.

दाराला गवंड्यानं ओळंबा लावला. चौकट बोटभर कलली होती. पुरात जोतं बसलं, चौकट सरकली, कडी नीट लागेना. दार हलकं ढकललं की उरलेलं काम उतार करतो.

मीटरसाठी शेजाऱ्यांना विनंती करून त्यांचा मेन स्विच बंद केला. पाच दिव्यांवरनं मीटर एका हिरव्यावर आला. त्यांची सर्व्हिस वायर सामाईक भिंतीतनं जाते आणि फेज एकीकडनं, न्यूट्रल दुसरीकडनं अशी कुणीतरी कधीतरी ओढली आहे. दोन्ही तारा शेजारी असल्या की त्यांची क्षेत्रं एकमेकांना मारतात. लांब असल्या की मारत नाहीत. आमचा कटआऊट उपसून काय उपयोग?

राहिलं रडणं. ते मला वाड्यात नव्हे, दुकानात सापडलं. सोमवारी एक गिऱ्हाईक अर्ध्या एचपीची मोटर ठेवून गेलं. टेबलावर सप्लाय दिला, मोटर एक झटका खाऊन कण्हायला लागली, आणि माझ्या हातातला चहा सांडला. तोच आवाज. आधी हुंदका, मग कण्हणं. बेअरिंग कोरडं पडलेलं. रेकॉर्डिंग मोबाइलच्या ॲपवर टाकलं तर शंभर हर्ट्झवर उंच सुळका. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, तिच्यावर चालणाऱ्या मोटरचा गुंजारव दुप्पट, म्हणजे शंभरवरच येतो. पेठेत नळाला पाणी पहाटे पावणेचारला सुटतं. शेजाऱ्यांची मोटर सामाईक भिंतीत ठोकलेल्या लोखंडी ब्रॅकेटवर बसवली होती, खाली रबर नाही. भिंतीत मुरलेली सागवानी तुळई तो आवाज थेट आमच्या माजघरात आणून सोडत होती. पोराच्या प्रश्नाला उत्तर कुणी दिलं नव्हतं, पाणी आलं होतं.

पोरानं ब्रिटनमधल्या विक टँडी या इंजिनिअरचं उदाहरण वाचलं होतं. 1998 सालच्या त्याच्या लेखात प्रयोगशाळेतल्या पंख्यामुळं तयार झालेल्या 19 हर्ट्झच्या आसपासच्या, कानाला न कळणाऱ्या ध्वनीमुळं माणसांना भास झाल्याचं म्हटलंय. इथंही तसंच असेल असं त्याला लिहायचं होतं. मी लिहू दिलं नाही. एवढा खालचा ध्वनी मोजायला आमच्याकडं साधन नव्हतं, आणि कानाला ऐकू येणारी मोटर समोर असताना न ऐकू येणारं कशाला शोधायचं?

जिन्यावरच्या सात ठोक्यांचं कारण मात्र मिळालं नाही. दिवसा तापलेलं लाकूड रात्री आकसताना वाजतं, पण सारख्या अंतरानं सात वेळा? पुढं तीन रात्री नुसता रेकॉर्डर ठेवला, काही आलं नाही. पहिल्या रात्री जिन्यावर रांगोळी टाकली असती तर निदान कुणी चढलं-उतरलं का ते कळलं असतं. रांगोळी तेव्हा सुचलीच नव्हती.

निष्पत्ती

उदमांजर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, त्याला पिंजरा लावता येत नाही. वनविभागाला कळवलं. पिल्लं हिंडती होऊन स्वतः जाईपर्यंत थांबा आणि मग भोक बुजवा, असा सल्ला मिळाला. थोरल्यांनी कुरकुर केली, पण दीड महिना थांबले. पावसाच्या तोंडावर गवंड्यानं कौलं फिरवली. वास गेला. शेजाऱ्यांच्या मोटरची बेअरिंगं मी बदलून दिली, खाली रबर टाकलं, पैसे घेतले नाहीत. रडणंही गेलं. प्रश्न विचारतानाचं सगळं रेकॉर्डिंग आत्यांच्या समोर पुसलं. पोरानं स्वतः पुसलं. त्याच्या मोबाइलवर आधीच एक तुकडा मित्राला गेला होता, तोही त्यानं मागं लागून काढायला लावला. तो आणखी कुठं पोचला असेल तर ते आमच्या हातात नाही.

अहवाल चार पानांचा झाला. तीन पानांत वास, दार, मीटर, मोटर. चौथ्यावर आडाची आणि दुष्काळाची खरी हकीकत, नाव न घेता, आत्यांना वाचून दाखवून. आणि शेवटी एक ओळ : "जिन्यावरच्या सात ठोक्यांचं कारण सापडलं नाही."

थोरल्यांना ती ओळ नको होती. "एवढं सगळं शोधलं आणि शेवटी शेपूट कशाला?" गटात यावर मतदान घ्यावं लागलं. चार विरुद्ध दोन. ओळ राहिली. ओळ काढा म्हणणाऱ्या दोघांत मी होतो हे इथं लिहून ठेवतो. मला वाटलं होतं, एका ओळीपायी म्हाताऱ्या माणसाचा व्यवहार का अडवा? मॅडम म्हणाल्या, ती ओळ काढली तर बाकीच्या तीन पानांवर तरी कुणी का विश्वास ठेवावा? आज मला त्यांचं पटतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशी, उजेडात, गवंड्याला घेऊन जायचं होतं. त्यानं निम्मं काम दोन तासांत संपवलं असतं आणि रात्र फक्त उरलेल्या निम्म्यासाठी लागली असती.

अंधारात प्रश्न विचारायची रीत आम्ही बंद केली. भूतपिशाच्चाला आवाहन करून लोकांत घबराट पसरवणं हा कायद्याच्या अनुसूचीतलाच प्रकार आहे, हे मॅडमनी नंतर वाचून दाखवलं. चार भिंतींच्या आतला आमचा खेळ त्यात बसतो की नाही, हा वकिलाचा विषय. आम्ही बंद केला तो उंबऱ्यावर बसलेल्या आत्यांमुळं.

आता कुठल्याही घरात जाण्याआधी एक कागद भरतो. घराचे सगळे वारस कोण, सगळ्यांची संमती आहे का, अहवाल कुणाला दाखवणार. आणि गोष्टीतलं माणूस खरं होतं का, त्याचं आज कोण आहे, कुठं राहतं. पेठेतल्या चार म्हाताऱ्या बायकांना आधी विचारलं असतं तर आडाचा उलगडा पहिल्याच दिवशी झाला असता. आम्ही विचारलं ते टपरीवरच्या पोरांना.

कागद कोण वापरेल हेही आधी ठरवायला हवं होतं. दिवाळीच्या आधी थोरले दुकानात आले, मोटरचे पैसे द्यायला. वाड्याला गिऱ्हाईक लागलंय म्हणाले, मुंबईचं. अहवाल दाखवला का विचारलं. पिशवीतनं प्लॅस्टिकच्या फोल्डरमधली झेरॉक्स काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. छान स्टेपल केलेली होती. पानं तीन.